कुत्र्याचा वाटा

मेंढी कापली की पहिला वाटा कुत्र्याचा, ही लोथोरे गावची रीत. पाहुण्याचा, पाद्र्याचा, शेजाऱ्याचा वाटा त्यानंतर. फुप्फुसं आणि कलेजीचा जो भाग माणसाने खाण्यासारखा नसेल तो काढायचा आणि कळपाच्या म्होरक्या कुत्र्यापुढे टाकायचा. फक्त म्होरक्यापुढे. बाकीच्या कुत्र्यांनी चीज गाळून उरलेल्या निवळीत भिजवलेली भाकरी खायची आणि म्होरक्याकडे बघत बसायचं. ज्या धनगराने हा वाटा चुकवला, त्याच्या कंजूषपणाची गोष्ट त्याच्या नातवंडांच्या लग्नात निघायची. सार्डिनियाच्या डोंगरातली माणसं बाकी सगळं विसरतील, असली गोष्ट नाही विसरायची.

गोनारियाने हा वाटा कधी चुकवला नव्हता. नवरा बाकीस गेला तेव्हा लोक म्हणाले, आता ही बाई कळप विकणार आणि खाली गावात लेकीच्या चुलीपाशी जाऊन बसणार. गोनारियाने कळप विकला नाही. उलट वाढवला. धार काढणं, चीज लावणं, सणाला म्हातारी मेंढी कापणं, सगळं ती स्वतः करायची. आणि कापली की सुरी पुसायच्या आधी हाक मारायची, "मुर्रू! ये रे राजा, तुझं घे!"

मुर्रू म्हणजे करड्या केसांचा, गाढवाच्या शिंगराएवढा कुत्रा. परक्या माणसाला मेंढ्यांच्या वाडग्याच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. पण गोनारियाची नात विस्सेन्ता आली, की हा पठ्ठ्या उताणा पडून चारी पाय वर करायचा. पोरगी त्याच्या मानेत तोंड खुपसून झोपायची. गोनारिया ते बघायची आणि मनात म्हणायची, बाकीस असता तर केवढा हसला असता.

मग एका वर्षी शाळेत एक मशीन आलं.

संशोधन संस्थेची एक गाडी आली होती. तिच्यात एक मुलांचा डॉक्टर आणि एक गुरांचा डॉक्टर. गावाला याचंच हसू. "आमची पोरं आणि आमच्या मेंढ्या एकाच रांगेत उभ्या करणार का हो?" असं लोकांनी विचारून घेतलं. मुलांना बाकावर झोपवून पोटावर थंडगार जेल लावायचं, वर एक दांडी फिरवायची, की आतलं चित्र पडद्यावर. पोरांना गुदगुल्या व्हायच्या. विस्सेन्ताही खिदळत होती. डॉक्टरची दांडी मात्र तिच्या बरगडीखाली थांबली, पुढे गेली, परत तिथेच आली.

लिव्हरमध्ये पाण्याची पिशवी. लिंबाएवढी.

धनगराला पाण्याची पिशवी काय नवी? कापलेल्या मेंढीत ती नेहमी दिसते. पांढुरकी, तुकतुकीत, आत पाणी. तेवढा भाग कापून कुत्र्याला टाकायचा, की झालं. पण ती आपल्या पोरीच्या पोटात असू शकते, हे काही कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मुलांचा डॉक्टर म्हणाला, गोळ्या सुरू करू, महिनोन् महिने घ्याव्या लागतील, कदाचित ऑपरेशन लागेल, कदाचित नाही. एक गोष्ट मात्र नक्की, ही कुत्र्याकडून आली आहे. त्या कुत्र्यावर उपचार होईपर्यंत पोरीला त्याच्यापासून लांब ठेवा.

विस्सेन्ताची आई बात्तिस्तीना गावात भट्टी चालवायची. पापडासारख्या पातळ भाकऱ्यांच्या चळती लावता लावता तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले असत. त्या पिठाच्या हातांनीच ती डोंगर चढून आईकडे आली. 'उपचार' हा शब्द तिच्या कानात शिरलाच नव्हता.

"मुर्रूला गोळी घाल," ती म्हणाली.

"अगं, बस तरी. पाणी पी."

"पाणी नको मला! माझ्या पोरीच्या पोटात त्याने घाण घातलीय. आज संध्याकाळपर्यंत तो मेला नाही ना, तर आई, पोरगी तुला परत दिसणार नाही. मी तिला घेऊन समुद्रापलीकडच्या मुलुखात, नणंदेकडे जाईन. बोटीत बसून. मग बस तू तुझ्या कुत्र्याला घेऊन."

लेक रागात बोलते हे गोनारियाला माहीत होतं. पण लेक बोलते तसं करते, हेही माहीत होतं. तो गुण आईकडूनच गेलेला.

मुर्रू दारात बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. गोनारिया त्याच्या डोळ्यांत बघू शकली नाही. तिला एक वेगळंच जनावर आठवलं. त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे.

तिने दीर प्रेदूला बोलावलं. प्रेदूच्या मिशा बघून पोरं घाबरायची. पण तो माणूस आतून लोणी. त्याचं खोपट वर, बुचाच्या झाडांच्या रानात.

"मुर्रूला वर ने. बांधून ठेव. आणि बंदुकीचा एक बार काढ, गावाला ऐकू जाईल असा."

"हवेत?"

"नाहीतर काय माझ्या डोक्यात?"

प्रेदूने आकाशात बार काढला. खाली भट्टीत बात्तिस्तीनाने तो ऐकला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि पीठ मळायला घेतलं. विस्सेन्ता मात्र आजीपाशी येऊन इतकी रडली, की गोनारियाला वाटलं, सांगून टाकावं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीच्या तोंडात तीळ भिजणार नाही, असं म्हणून ती गप्प बसली. आणि आश्चर्य म्हणजे आठवड्याभरात पोरीचं रडणं थांबलं. हसायला लागली, शाळा सुटली की हुंदडायला लागली. "मुलं लवकर विसरतात," गोनारिया प्रेदूला म्हणाली. प्रेदू मिशी चावत दुसरीकडे बघत राहिला.

गुरांचा डॉक्टर वाडग्यावर आला तो त्यानंतर. प्रियामो लाई त्याचं नाव. खालचा, समुद्रकाठच्या कालियारीचा. डोंगरातल्या लोकांच्या मते कालियारीचा माणूस म्हणजे अर्धा मासा. त्याच्या पायात शहरी बूट होते आणि पहिल्याच पावलाला ते लेंड्यांत रुतले.

"देवानेच पाय धुवून घेतले तुमचे," गोनारिया म्हणाली.

"मावशी, हे बूट बायकोने दिलेत. तिला तुम्हीच समजवा."

त्याने मेंढ्यांना लस टोचली. मेंढीच्या आत पिशव्याच होऊ नयेत म्हणून ही लस, असं म्हणाला. मग कुत्र्यांची विष्ठा डब्यांत भरून घेतली. तोंड वाकडं न करता, जसं कुणी बोरं वेचावीत. गोनारियाला ते आवडलं. कामाला न लाजणारा माणूस तिला नेहमीच आवडे.

"किती कुत्रे, मावशी?"

"तीन. बघताय ना."

"आणि तो चौथा? पोरीने शाळेत सांगितला तो?"

"तो मेला. सगळ्या गावाने बार ऐकलाय, विचारा कुणालाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिघांना गोळ्या दिल्या, काही दिवस बांधून ठेवायला सांगितलं, त्यांची घाण जाळायला सांगितलं आणि गेला.

पुन्हा आला तेव्हा त्याच्या पायात रबरी बूट होते. गोनारियाने त्याला गरम रिकोत्ता, म्हणजे निवळीचं मऊ चीज, वाटीत वाढला. तो खाली बसून खात म्हणाला, "तुमचे तिघं धुतल्या तांदळासारखे निघाले."

"मग बरं झालं की. जा आता घरी, समुद्रात पाय सोडून बसा."

"बरं नाही झालं, मावशी. मेंढ्यांत पिशव्या आहेत, पोरीत आहे, आणि कुत्रे स्वच्छ. हे जमत नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "मेंढी कापल्यावर फुप्फुसं कुणाला घालता?"

"म्होरक्याला."

"या तिघांतला म्होरक्या कोणता?"

ताकाला जाऊन भांडं लपवावं आणि समोरच्याला ते दिसत असावं, तशी गोनारियाची गत झाली.

तो हळूच बोलायला लागला. किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो, केसाएवढा बारीक. कुत्र्याला काही त्रास नाही, तो मजेत असतो. किड्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. मेंढी ते गवत खाते आणि तिच्यात पिशव्या होतात. पोर ते केस कुरवाळतं, तोच हात तोंडात घालतं आणि पोरात पिशवी होते. पिशवीतलं कुत्र्याच्या पोटात गेलं, की त्याचे पुन्हा किडे.

"मेंढीत आणि माणसात एकच?"

"एकच. म्हणून तर पोरांचा डॉक्टर आणि मेंढ्यांचा डॉक्टर एका गाडीतून फिरतात. तुमचं गाव हसलं आम्हाला."

"मग चूक कुणाची? कुत्र्याची?"

"चूक शोधायला नाही आलो मी. हे चाक कुठे थांबवता येतं ते बघतोय. मेंढी गवत खाणारच. कुत्रा रानात घाण करणारच. पोर त्याला मिठी मारणारच. एकाच ठिकाणी माणसाचा हात मध्ये येतो."

गोनारियाने आपल्या हाताकडे बघितलं. उजवा हात. याच हाताने सुरी, याच हाताने तो वाटा. ये रे राजा, तुझं घे.

मग तिने जे विचारलं ते विचारायला तिला अकरा वर्षं लागली होती.

"डॉक्टर, माणूस घोड्यावरून पडला तर अंगावर लाल चट्टे येतात का?"

"कसले चट्टे?"

"माझा नवरा पडला होता. फार उंचावरूनही नाही, घोडा बुजला आणि हा कुंपणाच्या दगडावर पोटावर पडला. उठला. हसला. कपडे झटकले. म्हणाला, म्हातारा झालो गं मी. आणि मग बघता बघता तोंड सुजलं, सगळ्या अंगावर लाल चट्टे उठले, श्वास घेता येईना. पाद्री यायच्या आत गेला. लोक म्हणाले, दृष्ट. मी म्हणाले, घोडा."

लाईने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी त्यांना बघितलेलं नाही, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. पण पोटात पिशवी असेल आणि मार लागून ती फुटली, तर आतलं पाणी अंगात पसरतं. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. असंच होतं मग. चट्टे, सूज, श्वास. पडल्याने चट्टे येत नाहीत, मावशी."

"म्हणजे घोड्याने नाही मारलं."

"घोड्याने नाही."

गोनारिया उठली आणि मेंढ्यांकडे पाठ करून उभी राहिली. बाकीस गेला त्याच संध्याकाळी तिने प्रेदूला सांगितलं होतं, त्या घोड्याला गोळी घाल. बात्तिस्तीना तेव्हा नुकतंच लग्न झालेली पोर, त्याच घोड्यावर बसायला शिकलेली. घोड्याच्या गळ्यात हात टाकून ओरडत होती, आई, नको, त्याने मुद्दाम नाही केलं. गोनारियाने लेकीचे हात स्वतः सोडवले होते. दुःख झालेल्या माणसाला कुणाला तरी मारायचं असतं. समोर जे मुकं जनावर दिसेल त्याच्यावर राग निघतो, वड्याचं तेल वांग्यावर. हे तिला बाहेरून नव्हे, आतून माहीत होतं. म्हणून तर तिने मुर्रूला लपवलं होतं. सरकारला ती भीत नव्हती. डॉक्टरला तर मुळीच नाही. लेकीच्या डोळ्यांत तिला त्या संध्याकाळची गोनारिया दिसली होती, तिला ती भ्यायली होती.

"चौथा आहे," ती म्हणाली. "तुम्ही खाली भट्टीवर थांबा. मी त्याला आणते."

बुचाच्या रानात ऊन तिरपं झालं होतं. प्रेदूचं खोपट दिसलं आणि तिला हसण्याचा आवाज आला. पोरीचा. गोनारिया जागच्या जागी थिजली. मुर्रू उताणा पडला होता, चारी पाय वर, आणि विस्सेन्ता त्याच्या मानेत तोंड खुपसून पडली होती. बाजूला तिचं दप्तर. मुलं लवकर विसरतात म्हणे.

प्रेदू दारातून बाहेर आला आणि वहिनीचा चेहरा बघून मागे सरकला. "रडत होती गं ती. झाडामागे बसून. मला बघवेना, मीच आणलं तिला इकडे. शपथ घ्यायला लावली मी तिला, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"रोज येते?"

"रोज नाही. शाळा असेल तेव्हा."

त्याही स्थितीत गोनारियाला हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. जिला वाचवायचं तिलाच तिने विहिरीच्या काठावर नेऊन ठेवलं होतं. कुत्रा समोर असता तर औषधाच्या एका गोळीत काम झालं असतं. लपवला म्हणून बिनऔषधाचा राहिला आणि पोरगी त्याच्या केसांत. तिने विस्सेन्ताला ओढून उभं केलं, ओढ्यावर नेऊन हात, तोंड, मान खरवडून धुतली. मग मुर्रूच्या गळ्यात दोर बांधला.

"आजी, त्याला मारायला नेतेस?"

"नाही."

"आई मारेल."

"ते मी बघते. तू प्रेदूआजोबांबरोबर मागून ये. आणि हात लावायचा नाही त्याला, कळलं?"

गावाच्या चढउताराच्या गल्लीतून मेलेला कुत्रा चालत गेला. बाकांवरचे म्हातारे उठून उभे राहिले. एक जण म्हणाला, "गोनारियामावशी, येशूसारखा उठला का गं तो तिसऱ्या दिवशी?" तिने मान वळवली नाही.

भट्टीच्या दारात लाई उभा होता. बात्तिस्तीना बाहेर आली, कुत्रा बघितला आणि तिच्या हातातलं भट्टीत भाकरी सारायचं लांब लाकडी फावडं खाली पडलं.

"तू म्हणालीस, तो मेला!"

"मी नाही म्हणाले. तू बार ऐकलास."

"आई!"

"थांब. अजून वाईट सांगायचंय. पोरगी त्याच्याकडे जात होती. मी लपवला म्हणून. तेही माझ्याच माथी."

बात्तिस्तीना आत वळली. कोपऱ्यात तिच्या नवऱ्याची बंदूक होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गोनारिया दारात आडवी झाली.

"घालायचीच तर मला घाल. तो वाटा मी टाकत आले त्याला. त्याने मागितला नव्हता. आपण पिशव्या कापून त्याला चारल्या आणि वर म्हटलं, बघा, आम्ही किती उदार. त्याला काय ठाऊक? घोड्याला तरी काय ठाऊक होतं?"

बात्तिस्तीना थांबली.

"कोणत्या घोड्याला?"

"तुझा बाप घोड्यामुळे नाही गेला. तुझ्या पोरीच्या पोटात आहे तीच पिशवी होती बहुतेक त्याच्या पोटात. फुटली ती. तू तेव्हा खरं बोलत होतीस, बात्तिस्ती. मी ऐकलं नाही. तू त्याच्या गळ्यात पडलीस आणि मी तुझे हात सोडवले. आता तू मी होऊ नकोस गं. फार वर्षं जड जातं ते."

बात्तिस्तीना उंबऱ्यावर बसली. पिठाचे हात तोंडावर घेतले आणि रडली, पोरीसाठी की बापासाठी की त्या घोड्यासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मुर्रू तिच्या पायाशी जाऊन बसला. तिने त्याला लाथ मारली नाही, पण पाय आखडून घेतला.

मग नाक पुसून तिने लाईकडे हात पसरला.

"कुठे आहे ती गोळी? कशात घालून द्यायची?"

"रिकोत्तामध्ये घातली तर चालेल. मी देतो ना."

"नको. मी देते."

मुर्रूला प्रेदूच्या खोपटापाशी बांधून ठेवलं. त्याची घाण प्रेदूने स्वतः जाळली, तीच त्याची शिक्षा. पहिल्या तपासणीत मुर्रूत किडे सापडले होते. पुढच्या तपासणीत एकही नव्हता. दर महिन्याला गोळी चालू ठेवायची असं लाईने बजावलं आणि ती बात्तिस्तीनाच देऊ लागली. गावाने आधी टिंगल केली, मग आपापले कुत्रे आणले. वाडग्यांजवळ चुन्याचे खड्डे खणले गेले. विस्सेन्ताच्या गोळ्या हिवाळाभर चालल्या. वसंतात डॉक्टरने पुन्हा दांडी फिरवली आणि म्हणाला, पिशवी आटतेय, आत पाणी राहिलेलं नाही, पण नजर ठेवायची, अजून काही वर्षं. बात्तिस्तीनाने एवढ्यावर मेणबत्ती लावली.

सणाला गोनारियाने म्हातारी मेंढी कापली. मुर्रू नेहमीच्या जागी येऊन बसला. तिने फुप्फुसं आणि कलेजीतला पिशव्यांचा भाग काढला, खड्ड्यात टाकला, वर चुना ओतला, माती लोटली. मुर्रू खड्ड्याकडे आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याला एवढंच कळलं असणार, की म्हातारी शेवटी कंजूष झाली. मग तिने आपल्या ताटातलं शिजलेलं मांस त्याच्यापुढे ठेवलं, हाडासकट. त्याने हुंगलं, मान फिरवली, थोडा वेळ रुसून बसला. मग खाल्लं.

विस्सेन्ता हात धुऊन आजीच्या शेजारी येऊन बसली. ओल्या हातांनी आजीचा हात धरला.

"आजी, आजोबांच्या त्या घोड्याचं नाव काय होतं?"

गोनारियाने घराकडे बघितलं. बात्तिस्तीना दारात उभी होती, हातातलं काम थांबवून.

"बेन्तू," गोनारिया म्हणाली. "बेन्तू होतं त्याचं नाव. फार गुणी घोडा होता."